कोरी चार पानं

"हातमा काय शे?"

हे विचारताना बाई डावा तळहात पुढं करायच्या. उजव्या हातात हस्तलिखिताचे कागद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि डावा हात असा पसरलेला, की वाटावं एसटीचा कंडक्टर सुट्टे मागतोय. धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणारी बाई. एरवी बोलणं पुस्तकी. पण हे एक वाक्य त्या कायम माहेरच्या अहिराणीत म्हणायच्या. हातात काय आहे? काहीतरी ठेवल्याशिवाय गोष्ट सुरू व्हायची नाही.

पहिल्यांदा मी भडकलो. जुळवणी मी करायची, प्रूफ मी तपासायचं, आणि वर यांच्या हातावर काही ठेवायचं?

"बाई, हा छापखाना आहे, देऊळ नाही."

"देवळात कुणी हात पसरत नाही, भाऊ. लोक आपण होऊन टाकतात. इथं मागावं लागतं."

"आणि नाही दिलं तर?"

"मग मी धुळ्याची गाडी पकडते."

मी खिसे चाचपले. एक सुपारी निघाली. ती त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि वाचायला लागल्या.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं भांडण तुम्हाला कळणार नाही. मी भुसावळच्या रेल्वे यार्डाशेजारी वाढलो. सातवीनंतर शाळा सुटली. दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत पंधरा वर्षं काढली आणि मग जळगावात स्वतःचं मशीन बसवलं. लग्नपत्रिका, केळीवाल्यांची पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. घासाघीस करण्यात मी असा, की मला येताना पाहून कागदवाला गल्ल्यावर मुलाला बसवून आत जेवायला जायचा. रागाचंही तसंच. जुळवणीची लोखंडी स्टिक मी एकदा भिंतीवर फेकली होती. तिथलं प्लास्टर अजून उडालेलं आहे.

धुळ्यातल्या दोन छापखान्यांनी बाईंना परत पाठवलं होतं. त्याचं कारण म्हणजे बाईंची अट. पुस्तकाची जुळवणी, वाचन, छपाई, सगळं दिवाळीनंतर सुरू करायचं आणि होळी पेटायच्या आत संपवायचं. मध्ये राहिलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे ऐन लग्नसराईत माझ्या मशीनवर यांचं पुस्तक!

"आषाढात करू की," मी म्हटलं. "तेव्हा मशीन माशा मारतं."

"आषाढात साप ऐकायला येतात."

मला वाटलं, बाई थोड्या हललेल्या आहेत. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा भाऊ अमेरिकेत इंजिनियर. वहिनीच्या बाळंतपणासाठी त्या एक हिवाळा तिकडं राहिल्या. दाराबाहेर गुडघाभर बर्फ. गावच्या वाचनालयात एक म्हातारी मुलांना गोष्टी सांगायला यायची. ती होदेनोशोनी होती. ते तिथले मूळचे लोक, सहा जमातींचा एक संघ. नावाचा अर्थ लांब घर बांधणारे. इंग्रजी पुस्तकांत त्यांना दुसरंच नाव आहे; ते नाव बाई तोंडातून काढत नसत. "शेजाऱ्यानं ठेवलेलं नाव आपण कशाला घ्यायचं?" म्हणायच्या.

त्या लोकांत गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. उन्हाळ्यात सांगितल्या तर साप घरात येतात, मधमाशी सांगणाऱ्याच्या ओठाला चावते, झाडं ऐकत बसतात आणि फळं धरायची विसरतात. आणि सांगणाऱ्याच्या हातावर ऐकणाऱ्यानं काहीतरी ठेवायचं. त्या हिवाळ्यात बाईंनी त्या म्हातारीला शेंगदाण्याची चटणी दिली, लोकरीचे मोजे विणून दिले, आणि गोष्टी घेतल्या. तिला त्या आजी म्हणत. परत आल्यावर पत्रव्यवहार चालू राहिला. अकरा गोष्टी आजीनं मराठीत करायला दिल्या. त्यावर एक अट: प्रत्येक गोष्टीखाली ती ज्या बाईनं सांगितली तिचं नाव.

"आजी ऐंशीच्या पुढं आहे," बाई म्हणाल्या. "मराठी तिला वाचता येणार नाही. पण पुस्तक हातात धरायचंय म्हणते. या होळीपर्यंत व्हायला हवं, भाऊ. पुढच्या हिवाळ्याचा भरवसा मी देत नाही."

मी तासभर घासाघीस केली आणि काम घेतलं. जाहिराती टाकायच्या नाहीत, ही अटसुद्धा मान्य केली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता प्रूफ कसं वाचतात ते तुम्हाला माहीत असेल. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कच्च्या पट्टीवर, म्हणजे गॅलीवर, बोट फिरवायचं. बाईंच्या मते हे मोठ्यानं वाचणं म्हणजे सांगणंच. दर शनिवारी दुपारी त्या धुळ्याहून यायच्या, स्टुलावर बसायच्या, हात पुढं करायच्या. मी भाव पाडायला बघायचो. एका केळ्यात दोन गोष्टी. त्या म्हणायच्या, एका गोष्टीला एक फणी. मी गुळाच्या खड्यावर आणायचो. एकदा मी मुद्दाम झिजलेला, तुटक्या कान्याचा खिळा ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "हे चांगलंय. हे तुमचं स्वतःचं आहे." आणि तोही पदराला बांधला.

आमच्यातलं तिसरं माणूस अक्का. चोपड्याकडची विधवा बाई, फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घड्या घालून शिवायचं काम करायची. सोळा पानांचा कागद अशी सरसर दुमडायची, की पानं आपोआप ओळीनं लागायची. वाचता एक अक्षर येत नव्हतं. ती दाभण थांबवून ऐकायची.

आकाशातून पडणाऱ्या बाईची गोष्ट होती. खाली नुसतं पाणी. पाखरं पंखांवर झेलतात, कासव पाठ देतं, एक छोटा प्राणी तळातून चिमूटभर माती आणतो आणि ती बाई त्या मातीवर चालत चालत जमीन मोठी करते. मका, शेंगांचा वेल आणि भोपळा या तीन बहिणींची गोष्ट होती. ती ऐकून अक्का म्हणाली, "मंग त्यामा काय नवं शे? आम्हीबी ज्वारीमा चवळी टाकतस, कडेले डांगरना येल सोडतस."

बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि आजीला कळवलं.

एका गोष्टीत घराण्यातली वडीलधारी बाई नालायक पुढाऱ्याला तीनदा समज देते आणि मग त्याचं पद काढून घेते. "हे नगरपालिकेत सुरू करा," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. "गोष्ट नाही ती, भाऊ. तिथं पुढारी बायकाच निवडतात आणि काढतात. घर बाईचं, शेत बाईचं, मुलाला कूळ आईचं. आणि या काही संग्रहालयातल्या बाहुल्या नाहीत. आज त्यांच्यातल्या बायका स्वतः कविता लिहितात, कादंबऱ्या लिहितात. पोस्टानं मागवते मी." त्या बोलायला लागल्या की आवाज चढायचा. माझाही चढायचा. कामगार म्हणायचे, शनिवारी छापखान्यात दोन मशीनं चालतात.

जानेवारीत एका दुपारी वीज गेली. अक्कानं घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर आणली होती. ती तिनं न मागता बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी त्या भाकरीकडं बघितलं. मग कागद बाजूला ठेवले.

"ही बारावी," म्हणाल्या. "ही पुस्तकात नाही."

आधी त्यांनी दोन नावं घेतली. आजीच्या आईचं आणि आजीचं. मग गोष्ट सांगितली. कागदाशिवाय, आमच्याकडं बघत. तुम्ही म्हणाल काय होती गोष्ट. थांबा, ती इथं का लिहीत नाही, तिकडंच येतोय.

"ही का नाही घेतली?" मी विचारलं. "सगळ्यात भारी ही आहे."

बाई म्हणाल्या, पूर्वी साहेब लोक आजीच्या आईकडं येऊन बसायचे, गोष्टी लिहून न्यायचे. त्यांची पुस्तकं झाली. वर साहेबाचं नाव, खाली 'एक जुनी दंतकथा'. सांगणारीचं नाव कुठंच नाही. आई गेली तेव्हा ही एक गोष्ट कागदावर गेलेली नव्हती. ती लेकीला, म्हणजे आजीला, देताना आईनं सांगितलं होतं, ही तोंडातून तोंडात जाईल, कागदावर नाही.

"मी आजीला शब्द दिलाय," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. माझ्या मान डोलावण्याला बाजारात जेवढी किंमत आहे, तेवढीच तिथं होती.

फाल्गुन लागला. शेवटचा फर्मा जुळवायला घेतला आणि लक्षात आलं, मजकूर बाराव्या पानावर संपतोय. सोळा पानांच्या फर्म्यात चार पानं कोरी. छापखान्यात न वाढलेल्या माणसाला हे कळायचं नाही. कोरं पान माझ्या डोळ्यांत खुपतं. जेवायला बोलावून रिकामं ताट वाढल्यासारखं वाटतं. एरवी मी तिथं केळीच्या अडत्याची जाहिरात टाकली असती. तीही बंद. बाई परीक्षेच्या कामात अडकलेल्या. होळीच्या सकाळी येऊन प्रती घेऊन जाते, असा त्यांचा निरोप होता.

मी खिळ्यांच्या केसपुढं, म्हणजे खणांच्या पेटीपुढं, उभा राहिलो. हस्तलिखित नव्हतं. नुसत्या आठवणीतून, एकेक खिळा उचलत, मी ती बारावी गोष्ट जुळवली. जानेवारीत एकदाच ऐकलेली, अडखळलो नाही. मोजून चार पानं भरली. आयुष्यात इतकी सुंदर जुळवणी मी केली नव्हती. बाईंना चकित करायचं होतं. माझ्याकडून काहीतरी त्यांच्या हातावर ठेवायचं होतं, असंही म्हणा. फक्त ती दोन नावं आठवेनात. गोष्ट शब्दन्‌शब्द आठवत होती, नावं नाही. वर काहीतरी हवं म्हणून मी घातलं: 'एक जुनी गोष्ट'.

पाचशे प्रती छापल्या. अक्कानं शिवल्या. तिला काय छापलंय ते कळायचं कारण नव्हतं.

होळीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाई आल्या. हातात आजीचा पत्ता लिहिलेलं पाकीट, तिकिटंसुद्धा लावलेली. एक प्रत उचलली. वास घेतला. मधलं पान उघडून एका नावावरून बोट फिरवलं. मी हाताची घडी घालून उभा. मग त्यांनी शेवटची पानं उलटली.

मला वाटलं, वाचताहेत. त्या वाचत नव्हत्या. नुसत्या वरच्या तीन शब्दांकडं बघत होत्या.

"हे कुणी केलं?"

"मी. कागदाशिवाय. एक चूक काढून दाखवा."

"तुम्हाला कुणी सांगितली ही?"

"तुम्हीच की."

"तुम्हाला सांगितली होती, भाऊ. कागदाला नाही."

"पाचशे लोक वाचतील! तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं मी घातलंय आणि—"

"माले दखाड," त्या ओरडल्या. मला दाखव, म्हणत होत्या. त्या एका वाक्यापलीकडं अहिराणी बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "दखाड माले, कोठे शे तिनं नाव? चोरी शे ही. चोर शेस तू!"

माझ्या छापखान्यात. तीन कामगारांसमोर. मशीन थांबलेलं.

मीही ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती पानं फाडून टाका म्हटलं, तर अक्का मधेच म्हणाली, त्या चार पानांचे शेवटचे दोन कागद काढले की घडीतले पहिले दोन सुटे होतात, सगळा फर्मा गळतो. खरं होतं ते. सगळा फर्मा बदलायला हवा होता.

बाई शांत झाल्या. खिळे बांधायच्या दगडी मेजावर फर्मा अजून तसाच बांधलेला होता, खिळे सोडवलेले नव्हते. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. शनिवारमागून शनिवार बसून त्यांना आता सगळं कळत होतं. चार पानं उचलायची, त्या जागी लाकडी ठोकळे बसवायचे, पुन्हा मशीनवर चढवायचं. कागद होता. दिवस होता.

"होळी पेटायला अजून आठ तास आहेत," त्या म्हणाल्या. "होईल?"

"नाही होणार."

"होणार नाही, की करणार नाही?"

"करणार नाही. माझ्या छापखान्यातून कोरी पानं बाहेर जात नाहीत. आणि चोराकडून काम कशाला करून घेता?"

त्यांनी डावा हात पुढं केला. तळहात तसाच धरून उभ्या राहिल्या. मी मागं वळलो आणि घड्याळाला किल्ली द्यायला लागलो.

अक्कानं कात्री घेतली, जमिनीवर बसली आणि पहिल्या प्रतीचा दोरा उसवला. मग दुसरीचा. मी तिला म्हटलं, कामावरून काढीन. ती म्हणाली, "काढा." पाचशे प्रती दोघींनी मिळून उसवल्या, दुपारी कामगारही बसले. बाकीचे फर्मे बांधून बाईंनी टेम्पोत घातले. शेवटच्या फर्म्याचे गठ्ठे रद्दीत देऊ नका म्हणाल्या, नाहीतर ती गोष्ट भज्यांच्या पुड्यांवर फिरेल. संध्याकाळी ते चौकातल्या होळीत गेले. मी लांबून बघत होतो. अक्का जवळ येऊन म्हणाली, "बठ्ठा कागद जयी गयात ना, भाऊ?"

"गेले," मी म्हटलं.

एक घडी मी शर्टात लपवली होती.

पुढच्या हिवाळ्यात एसटी पार्सलनं पुस्तक आलं. शेवटचा फर्मा धुळ्यात छापलेला, खिळ्यांच्या वळणातला फरक मला लांबूनही दिसला. शेवटची चार पानं कोरी. त्यांच्याआधी एक ओळ: 'या गोष्टी ऐकणारे', आणि खाली अक्काचं नाव. तिच्या नावाखाली माझं. सोबत चिठ्ठी नव्हती. अक्काकडून कळलं, आजी श्रावणात वारली. पाकीट बाईंच्या टेबलाच्या खणात तसंच राहिलं.

मी पुस्तक कपाटात टाकलं. मला चोर म्हणाली होती ती. माफी मागितली असती तर गेलो असतो. वर्षानुवर्षं मी हेच घोळवत राहिलो. कागद आणायला धुळ्याला जायचो, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायचो आणि परत यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, त्या होळीला मशीन बिघडलं होतं. मशीन ठणठणीत होतं. काम दोन तासांचं होतं. दुपारी बाराला मशीन बंद झालं असतं, अक्कानं आणि कामगारांनी मिळून चारपर्यंत प्रती शिवल्या असत्या, बाई पाचच्या गाडीला लागल्या असत्या आणि चैत्रात ते पुस्तक आजीच्या हातात असतं. हा हिशेब मी पहिल्यांदाच लिहितोय.

बिनखिळ्यांची ऑफसेट छपाई आली. मी खिळे वितळवायला देऊन टाकले. अक्का राहिली, आणि दर हिवाळ्यात वांगी घेऊन धुळ्याला जायची. एका मार्गशीर्षात ती दुसऱ्याच दिवशी परत आली. पिशवी भरलेलीच.

"बाई गयात, भाऊ."

मी मशीनच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही बोलल्या होत्या का?

"दिवाईले गई व्हती मी. त्यास्नी इचारं, भाऊ आजूनबी रागमा शेतस का?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगं, शेतस." ती वांगी परत टोपलीत रचत होती. "बाईस्ना पदरले तुमना तो मोडेल खिळा व्हता. धुयेल लुगडालेबी बांधी ऱ्हायेत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुपारी, छापखान्याच्या मागच्या अंगणात कामगारांसाठी भरीत चाललं होतं. अक्का कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होती. मी पोतं टाकून तिच्यासमोर बसलो.

"अक्का, ती बारावी सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. हाताची राख झटकली आणि डावा तळहात पुढं केला.

मी शर्टातून ती घडी काढली. पिवळी पडलेली, दुमडीवर विरलेली. अक्काला वाचता येत नाही, पण स्वतःची घडी ती कुठंही ओळखते.

"हाई तं जयी गयं व्हतं ना?"

"एक राहिली होती."

घडी उलगडून न बघताच तिनं काड्यांखाली सारली. कागद काठाकडून काळा होत आत वळला. वांग्याची साल तडतडली.

मग पदराला हात पुसून अक्कानं नावं घेतली. आजीच्या आईचं, मग आजीचं. परदेशी नावं, पण तिच्या अहिराणी जिभेला सरावलेली, एकही अक्षर न गाळता. मग बाईंचं. तीन नावं झाल्यावर तिनं गोष्ट सुरू केली.